सातारा व सांगली जिल्ह्यांतील लहान गोपालक

सातारा व सांगली जिल्ह्यांतील लहान गोपालक म्हणजे पश्चिम महाराष्ट्राच्या या दोन जिल्ह्यांत थोडीच गाई-म्हशींची जनावरे दावणीला बांधून दूध, वासरे, बैल आणि शेणखत यांवर घरखर्चाचा मोठा भाग भागविणारी शेतकरी व भूमिहीन कुटुंबे होत. दुधाचा खरेदीदर मोठे दूध संघ व खासगी डेअऱ्या ठरवितात. चारा, पेंड, रोगराई आणि भाकड जनावर यांचा भार मात्र गोठ्यावरच राहतो. १९९० नंतर खासगी प्रक्रिया उद्योगाचा झालेला विस्तार आणि २०१५ पासून लागू झालेली संपूर्ण गोवंश हत्याबंदी या दोन घडामोडींनी या कुटुंबांचे अर्थकारण दोन्ही टोकांकडून आवळले गेले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

सांगली हा पूर्वीच्या सातारा जिल्ह्याचाच भाग होता. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. दोन्ही जिल्ह्यांची ठेवण सारखी आहे. पश्चिमेला सह्याद्री, मधोमध कृष्णा व कोयना या नद्यांचे बागायती खोरे आणि पूर्वेला पर्जन्यछायेतील माणदेश. कराड, वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत ऊस हे मुख्य पीक असून माण, खटाव, आटपाडी, जत व कवठे महांकाळ हे तालुके पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी म्हणून ओळखले जातात. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी पोहोचल्यानंतर पूर्वेकडील काही गावांचे चित्र बदलले, परंतु सर्व गावांचे नाही.

या भूरचनेमुळे पशुपालनाचेही दोन प्रकार झाले. नदीकाठी उसाचे वाढे आणि हत्तीगवत यांवर संकरित गाई व म्हशी पोसल्या जातात. माणदेशात ज्वारीचा कडबा, माळरान आणि विकतची वैरण यांवर जनावर जगते. एकाच डेअरीच्या एकाच दरपत्रकाने दूध घालणाऱ्या दोन गोठ्यांचा उत्पादनखर्च त्यामुळे सारखा नसतो. दरावरील चर्चेत ही गोष्ट सहसा येत नाही.

खिल्लारपासून संकरित गाईपर्यंत

माणदेश ही खिल्लार गोवंशाची मूळ भूमी मानली जाते. 'खिल्लार' म्हणजे जनावरांचा कळप. कळप पाळणाऱ्या समाजाला थिल्लारी किंवा खिल्लारी म्हणत. या जातीचे आटपाडी महाल (हणम), म्हसवड, तापी व नकली असे उपप्रकार सांगितले जातात. यांपैकी पहिल्याचे नाव औंध संस्थानाच्या आटपाडी महालावरून पडले आहे. पांढराशुभ्र किंवा करडा रंग, लांब व मागे वळलेली शिंगे, काटक बांधा आणि वेगवान चाल ही खिल्लारची वैशिष्ट्ये होत. खरसुंडी येथील सिद्धनाथाची पौषी यात्रा आणि पुसेगाव येथील सेवागिरी महाराजांची यात्रा या खिल्लार जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहेत. या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची रीत होती. भाव दोघांनाच कळे, तरी विकणाऱ्याच्या हाती नकार देण्याचा अधिकार राही.

खिल्लार गाय एका वेतात सरासरी ४०० लिटरहूनही कमी दूध देते. तिचे मोल दुधात नव्हते, तर तिच्या पोटी येणाऱ्या खोंडात होते. नांगर, मोट आणि गाडी यांसाठी बैल लागत होते तोवर खोंड विकून वर्षाची मोठी रक्कम एकदम हाती येई. विहिरींवर वीजपंप बसले, पुढे ट्रॅक्टर आले आणि ही मागणी ओसरली. दुसरीकडे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेली 'बाएफ' ही संस्था आणि शासनाचे पशुसंवर्धन खाते यांनी कृत्रिम रेतनाद्वारे होल्स्टीन फ्रीजियन व जर्सी यांचे संकर गावोगाव पोहोचविले. ग्रामीण बोलीत या गाईंना सरसकट 'जर्शी' किंवा 'एचएफ' म्हणतात.

संकरित गाय रोज दूध देते, म्हणून दर दहा दिवसांनी बिल येते. किराणा, शाळेची फी, सोसायटीचा हप्ता यांना तो आधार झाला. ऊस तुटून बिल येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते. त्या काळात घर चालते ते दुधाच्या बिलावर. पण या गाईला पेंड, हिरवा चारा, सावली व औषधोपचार सतत लागतात. खिल्लार गाय चाऱ्याच्या टंचाईत माळावर तग धरू शके, तर एचएफ गाय पेंड कमी झाल्याबरोबर दूध कमी करते. उत्पन्न वाढले, त्याबरोबर बाजारावरील अवलंबनही वाढले. त्या अर्थाने बैलाच्या अर्थव्यवस्थेतून दुधाच्या अर्थव्यवस्थेत झालेले हे स्थित्यंतर केवळ जात बदलण्यापुरते नव्हते.

दूध खरेदीची रचना

महाराष्ट्रात दुधाची संघटित खरेदी प्रथम शासनाने उभी केली. मुंबईच्या पुरवठ्यासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत सुरू झाली आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत शासकीय दूध योजना निघाल्या. मिरजेची योजना त्यांपैकी एक होती. 'दुधाचा महापूर' योजनेच्या काळात (१९७० ते १९९६) गावपातळीवर प्राथमिक दूध संस्था, तालुका वा जिल्हा पातळीवर संघ आणि राज्य पातळीवर महासंघ अशी त्रिस्तरीय सहकारी रचना वाढली. इस्लामपूर येथील राजारामबापू पाटील सहकारी दूध संघ आणि कराड येथील कोयना दूध संघ हे या रचनेतील परिचित संघ होत. शिराळा व वाळवा तालुक्यांतील अनेक गावांचे दूध शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील वारणा संघाकडेही जाते.

खासगी उद्योग या भागाला नवा नाही. भिलवडी स्टेशन येथील चितळे डेअरीची स्थापना १९३९ ची आहे, म्हणजे बहुतेक सहकारी संघांच्या आधीची. बदल झाला तो खासगी क्षेत्राच्या प्रमाणात. १९९१ मध्ये दुग्धव्यवसाय परवानामुक्त झाला. १९९२ च्या दूध व दुग्धजन्य पदार्थ आदेशाने काही निर्बंध परत आणले, परंतु २००२ च्या दुरुस्तीने संकलन क्षेत्रांचे आरक्षण रद्द केले. त्यानंतर कोणत्याही डेअरीला कोणत्याही गावात बल्क कूलर बसवून दूध घेता येऊ लागले. फलटण, बारामती, इंदापूर या पट्ट्यातील खासगी प्रकल्पांची वाहने माण-खटावमध्ये येऊ लागली. २०१९ मध्ये फ्रान्सच्या लॅक्टालिस समूहाने श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचा दूध व्यवसाय विकत घेतला आणि राज्यातील दूध खरेदीत बहुराष्ट्रीय भांडवलाचे स्थान ठळक झाले. राज्याच्या संघटित दूध संकलनात आज खासगी डेअऱ्यांचा वाटा सहकारी संघांहून मोठा आहे. शासकीय योजनांचे संकलन जवळपास नाममात्र उरले असून 'महानंद' या राज्य महासंघाचे व्यवस्थापन २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपविण्यात आले.

स्पर्धक वाढल्याने गोपालकाला निवड मिळाली, हे खरे आहे. एका गावात तीन-चार संकलन केंद्रे असतात आणि खासगी केंद्र अनेकदा उचल देते, पेंड उधारीवर देते. मात्र उचल घेतलेल्याला ती फिटेपर्यंत केंद्र बदलता येत नाही. सहकारी संघात सभासदाला मताचा अधिकार आणि दिवाळीला दूध दरफरक मिळतो. तेथेही साखर कारखाना, बँक व दूध संघ यांचे नेतृत्व अनेक ठिकाणी एकाच राजकीय गटाकडे असल्याने एक-दोन गाईंच्या सभासदाचा आवाज संचालक मंडळापर्यंत क्वचितच पोहोचतो.

दर कसा ठरतो

गाईच्या दुधाचा दर ३.५ टक्के स्निग्धांश (फॅट) आणि ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ (एसएनएफ) या प्रतीसाठी जाहीर होतो. प्रत त्याखाली गेल्यास प्रत्येक दशांश टक्क्याला, म्हणजे बोलीभाषेतील 'पॉइंट'ला, ठराविक रक्कम कापली जाते. जाहीर दर सर्वांसाठी एकच असला तरी हाती पडणारा दर पॉइंटांवर ठरतो. कपातीचा दर वाढविला की जाहीर दराला हात न लावता खरेदी स्वस्त होते. उन्हाळ्यात, चारा निकृष्ट असताना, एसएनएफ हमखास घसरते. दूध मोजणारे यंत्र व वजनकाटा खरेदीदाराच्याच ताब्यात असल्याने त्यांची तपासणी त्रयस्थ यंत्रणेने करावी, ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे.

दराचे दुसरे टोक जागतिक बाजारात आहे. पिशवीतून विकले जाणारे दूध वजा जाता उरलेल्या दुधाची भुकटी व लोणी होते. हिवाळ्यात दूध वाढते तेव्हा हे अतिरिक्त दूधच दराला खाली ओढते. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपीय दुग्धपदार्थांवर बंदी घातली आणि ३१ मार्च २०१५ रोजी युरोपीय संघाने दूध उत्पादनावरील कोटा संपविला. भुकटीचे जागतिक भाव कोसळले, भारतातील भुकटीचे साठे पडून राहिले, आणि आटपाडीच्या गोठ्यातील लिटरचा भाव उतरला. भाव चढतात तेव्हा ही साखळी तितक्याच वेगाने उलट दिशेने चालते, असे आढळत नाही.

त्याच शिवारातील उसाशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. उसाला केंद्र सरकारने ठरविलेली रास्त व किफायतशीर किंमत (एफआरपी) कायद्याने द्यावी लागते आणि १४ दिवसांत न दिल्यास व्याज लागते. दुधाला असे वैधानिक संरक्षण नाही. शासन दर 'जाहीर' करते, पण खासगी डेअरीने तो न दिल्यास वसुलीची कारवाई करण्याची उसासारखी तरतूद नाही. म्हणूनच दुधाला एफआरपी द्यावी आणि विक्रीच्या उत्पन्नाची उत्पादक व प्रक्रियादार यांच्यात ८०:२० अशी वाटणी व्हावी, या मागण्या पुढे आल्या.

अमेरिकेत मांसासाठी गुरे पाळणाऱ्या लहान शेतकऱ्यांचा प्रश्न याच जातीचा आहे. तेथे खाटीकखान्यासाठी पोसलेल्या गुरांपैकी सुमारे ८० ते ८५ टक्के गुरे टायसन, जेबीएस, कारगिल व नॅशनल बीफ या चार कंपन्या खरेदी करतात. खरेदीदारांच्या संगनमताला आळा घालणारा 'पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स' कायदा तेथे १९२१ पासून आहे, तरीही एकवटलेली खरेदी हा वाद मिटलेला नाही. माणदेशातील गोपालकाची अडचण एका अर्थाने अधिक नाजूक आहे. मांसाचे जनावर काही आठवडे थांबवून विकता येते, पण सकाळचे दूध दुपारपर्यंतही थांबत नाही.

आंदोलने व शासनाचे निर्णय

जून २०१७ च्या शेतकरी संपानंतर राज्य शासनाने गाईच्या दुधाला लिटरला २७ रुपये दर जाहीर केला. तो टिकला नाही. वर्षभरात अनेक ठिकाणी दर १७ ते २० रुपयांवर आला. खासदार राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखालील स्वाभिमानी शेतकरी संघटनेने १६ जुलै २०१८ पासून मुंबई-पुण्याचा दूधपुरवठा रोखण्याचे आंदोलन केले. कोल्हापूर व सांगली हे संघटनेचे बालेकिल्ले असल्याने या भागात संकलन मोठ्या प्रमाणावर बंद राहिले. १९ जुलै रोजी शासनाने २१ जुलैपासून किमान २५ रुपये दर देण्याचे मान्य केले आणि त्यासाठी प्रक्रियादारांना लिटरमागे ५ रुपये अनुदान देऊ केले. अनुदान डेअरीमार्फत देण्याच्या या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली.

२०२० च्या टाळेबंदीत हॉटेले व मिठाईची दुकाने बंद झाली, तेव्हा दर पुन्हा १७ ते २० रुपयांपर्यंत घसरले. शासनाने महानंदमार्फत अतिरिक्त दूध २५ रुपयांनी घेऊन भुकटी करण्याची योजना राबविली, परंतु खासगी डेअरीला दूध घालणारे उत्पादक तिच्याबाहेरच राहिले.

जुलै २०२३ मध्ये शासनाने ३.५/८.५ प्रतीसाठी ३४ रुपये दर ठरविला आणि काही महिन्यांतच डेअऱ्यांनी तो खाली आणला. जानेवारी २०२४ पासून अनुदान थेट उत्पादकाच्या बँक खात्यात देण्याचे धोरण आले. डेअरीने ३.२/८.३ प्रतीला किमान २७ रुपये द्यावेत आणि शासनाने ५ रुपये घालावेत, अशी त्याची पहिली रचना होती. जुलै २०२४ मध्ये ३.५/८.५ प्रतीसाठी ती ३० अधिक ५ आणि ऑक्टोबरमध्ये २८ अधिक ७ अशी झाली. उत्पादकाची बेरीज ३५ वर कायम राहिली, मात्र डेअरीचा वाटा दोन रुपयांनी घटला आणि तेवढा भार तिजोरीवर गेला. अनुदानासाठी जनावराच्या कानात बिल्ला, त्याची ऑनलाइन नोंद आणि आधार-संलग्न खाते आवश्यक होते. जनावर विकत घेताना बिल्ल्याची नोंद नव्या मालकाच्या नावे न झालेली कुटुंबे त्यामुळे अडचणीत आली.

भाकड जनावरे आणि गोवंश हत्याबंदी

महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम, १९७६ नुसार राज्यात गाईंच्या कत्तलीस आधीपासूनच बंदी होती. या कायद्याच्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मार्च २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. म्हशींना ती लागू नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी ही बंदी वैध ठरविली, मात्र राज्याबाहेर कायदेशीररीत्या कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले.

लहान गोपालकाच्या हिशेबात थकलेला बैल किंवा भाकड गाय ही शेवटची ठेव होती. तिच्या विक्रीत भर घालून नवी गाभण गाय घेतली जाई. बंदीनंतर या ठेवीचा भाव कोसळला. संकरित गाईच्या पोटी निम्मी वासरे नर येतात. त्यांना शेतीत फारसा उपयोग नाही आणि बाजारात गिऱ्हाईक नाही. त्यांना दूध पाजणे म्हणजे डेअरीत घालायचे दूध कमी करणे होय. मोकाट जनावरांच्या वाढत्या तक्रारींचे मूळ येथे आहे. बाजारातून जनावरे नेणारी वाहने अडविली जाऊ लागल्याने कायदेशीर खरेदी करणारे व्यापारीही सावध झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदान ठरविले. ते गोशाळांना मिळते, दावणीला भाकड गाय सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला मिळत नाही.

दुष्काळ व रोगराई

२०१२-१३ व २०१८-१९ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी व जत तालुक्यांत चारा छावण्या उघडल्या गेल्या. म्हसवड येथील माणदेशी फाउंडेशनच्या छावणीची देशभर नोंद झाली. छावणीत जनावरांबरोबर कुटुंबेही महिनोन्‌महिने राहत. मे २०१९ मध्ये शासकीय दर मोठ्या जनावरास दिवसाला १०० रुपये व लहानास ५० रुपये असा होता. छावणीमुळे जनावर वाचते, पण दूध आटते.

२०२२ च्या ऑगस्टपासून राज्यात लम्पी चर्मरोग पसरला. जनावरांचे बाजार, वाहतूक व शर्यती बंद करण्यात आल्या. मृत जनावरांसाठी गाईस ३०,०००, बैलास २५,००० व वासरास १६,००० रुपये भरपाई दिली गेली. चांगली दुभती संकरित गाय या रकमेत परत येत नाही.

तग धरण्याच्या पद्धती

एका घराची दूध विकण्याची ठिकाणे सहसा एकाहून अधिक असतात. सकाळचे दूध सहकारी संस्थेला घालून सभासदत्व टिकवायचे आणि संध्याकाळचे खासगी केंद्राला किंवा गावातल्या रतिबाला द्यायचे, ही सर्वपरिचित तडजोड आहे. रतिबाला दर चांगला मिळतो, पण त्यात खपणारे दूध थोडे असते.

बागायती पट्ट्यात गाईऐवजी म्हशीकडे वळणाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे. मुऱ्हा व पंढरपुरी म्हशींच्या दुधाला स्निग्धांशामुळे दर अधिक मिळतो, तो भुकटीच्या भावावर तितका हेलकावत नाही, आणि भाकड म्हैस विकता येते. यातील शेवटचे कारण उघडपणे कमी बोलले जाते. मुरघास ही अलीकडची महत्त्वाची भर होय. पावसाळ्यातील मका कापून, दाबून, हवाबंद पिशव्यांत ठेवल्यास उन्हाळ्यात पेंडीचा खर्च घटतो. पण त्यासाठी आपल्या रानात पाणी लागते. भूमिहीन कुटुंबांना कालवड अर्धलीने सांभाळणे, म्हणजे वाढवून तिची निम्मी किंमत घेणे, हाच भांडवलाशिवायचा मार्ग उरतो.

माणदेशात खिल्लारला नवे मोल शर्यतींनी दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने बैलगाडी शर्यती बंद झाल्या, तेव्हा खोंडांचे भाव पडले. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. शर्यतीच्या जातिवंत खोंडाला आता लाखांत मागणी येते. मात्र ही मागणी मोजक्या बैलांपुरती असते. कळपातील साध्या खोंडाला तिचा लाभ होत नाही, आणि पैदाशीचा खर्च सोसू शकणारा मालक बहुधा लहान गोपालक नसतो. या भागातून गलाई व्यवसायासाठी परराज्यांत गेलेल्या कुटुंबांचा घरी येणारा पैसा अनेक घरांत गोठ्यालाही हातभार लावतो.

गोठ्यातील बहुतेक काम, म्हणजे शेणघाण काढणे, वैरण आणणे व धार काढणे, स्त्रिया करतात. संस्थेचे सभासदत्व, दुधाचे खाते व जनावराच्या बिल्ल्याची नोंद मात्र बहुधा पुरुषाच्या नावे असते. त्यामुळे अनुदान, पीक कर्जाच्या धर्तीवर मिळणारे पशुपालन कर्ज आणि विम्याची भरपाई या तिन्ही गोष्टी ज्यांच्या हातांनी जनावर जगते त्यांच्या नावावर येत नाहीत. स्त्रियांच्या बचत गटांनी स्वतंत्र दूध संस्था काढून खाती आपल्या नावे केल्याची उदाहरणे दोन्ही जिल्ह्यांत आहेत, पण एकूण संकलनात त्यांचा वाटा लहान आहे.